सापुताऱ्याच्या कठड्यावरचा चहा

यशवंता,

तुझं बेसणं फार नेटकं झालं. चार ते सहा म्हणजे चार ते सहा. पांढऱ्या खोळी चढवलेल्या खुर्च्या, एसी हॉल, दारात हात जोडून उभा असलेला तुझा नितीन आणि समोर तुझा फोटो. सुरतेत माणूस कसा जगला याची चौकशी फारशी होत नाही; मेल्यावर बेसणं कुठल्या हॉलमध्ये आहे ते बघतात. त्या मापाने उधन्याच्या रंगाई मिलमधला एक मास्टर बराच वर गेला. फोटो सायकलवरचा होता, त्यामुळे तुझ्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि फ्रेमला चंदनाचा हार. इतकं सुरक्षित मी तुला जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं.

बेसण्यात बोलायचं नसतं. यायचं, फूल वाहायचं, गप्प बसायचं, हात जोडून निघायचं. गुजरात्यांकडून घेण्यासारखी ही एक रीत, आणि नेमकी तीच आपल्या सायकल ग्रुपच्या अध्यक्षांनी मोडली. जिग्नेशभाईंना कुठेही माइक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. सायकलिंगच्या जर्सीवर पांढरा कुर्ता घालून आले होते. कॉलर आतून पोपटी दिसत होती. डोळे मिटून म्हणाले, "यशवंतभाई ने जिंदगी में कभी किसी को पीछे नहीं छोड़ा."

मला हसू आलं. मी ते खोकल्यात ढकललं. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाल्या, "सांभाळा काका. जवळचे होते ना तुमचे?"

जवळचा? तू माझ्यापासून सदैव निदान दोन वळणं पुढे होतास.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी शाळामास्तर म्हणून माझ्याकडे तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. "भावपूर्ण लिहा" असंही वर सांगितलंय. मी प्रयत्न करतोय. पण जिग्नेशभाईंच्या त्या वाक्यानंतर मला आधी खरं काय ते लिहावं लागेल. तू सगळ्यांना मागे सोडायचास. तेवढ्यासाठीच तू सायकल चालवायचास.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. घाटात कोणी कोणासाठी रेंगाळत नाही. ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचं आणि वर पोचलेल्याने मागच्याची वाट बघायची, हा सगळ्या सायकलवाल्यांचा रिवाज. ऐकायला उदार वाटतो. तो किती क्रूर आहे हे फक्त शेवटच्या माणसाला ठाऊक असतं. सापुताऱ्याचा घाट संपतो तिथे, शेवटच्या वळणावर, एक चहाची टपरी आणि तिच्यासमोर दगडी कठडा. मी तोंडाला फेस आणत वर यायचो तेव्हा तू त्या कठड्यावर पाय लांब करून बसलेला असायचास. टोपी गुडघ्यावर, घाम वाळलेला, चहा पिऊन झालेला. मी दिसलो की रिकामा ग्लास खाली ठेवायचास, मिशी पुसायचास आणि उठून म्हणायचास, "चला."

म्हणजे विश्रांती तुला आणि वाट पाहिल्याचं पुण्यही तुलाच. मला काय, तर "चला". इतकी वर्षं दर डिसेंबरात आपण त्या घाटाने गेलो आणि त्या टपरीचा चहा कसा लागतो हे मला माहीत नव्हतं. एकदा मी भांडलो होतो. "अरे, माणूस आहे मी, दोन मिनिटं बसू दे."

"बसलास तर उठणार नाहीस मास्तर," तू म्हणालास. "मशीन चालू असताना मध्येच थांबवलं तर कापडावर डाग पडतो. मग तो कुठल्याही रंगाने जात नाही."

"मी कापड नाही."

"कापड बरं. ते बोलत तरी नाही."

हे भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. तू माझ्यासाठी थांबायचास की मला सोडून निघता यावं म्हणून थांबायचास? मी दुसऱ्या मताचा होतो. अजूनही आहे. फक्त आता त्या मताचा मला पूर्वीइतका राग येत नाही.

तसं आपलं पहिलं बोलणंही भांडणच होतं. नितीनला आमच्या मराठी शाळेतून काढून गुजराती माध्यमात घालायचं म्हणून तू दाखला न्यायला आला होतास. मी इतिहासाचा मास्तर, तेव्हा माझ्या अंगात भाषेचं वारं होतं. मी तुला मातृभाषेवर बरंच ऐकवलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तुमचा मुलगा कुठं शिकतो?" माझा मुलगा इंग्रजी माध्यमात होता. मी दाखल्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे नवसारीच्या रस्त्यावर, गुडघ्यासाठी म्हणून नव्याने घेतलेली सायकल ढकलत असताना, कोणीतरी बाजूने सुसाट गेलं आणि पुढे जाऊन ओरडलं, "मास्तर, दाखला मिळाला!" तेव्हापासून मी तुझ्या मागे.

नितीनला गुजरातीत घालण्याच्या त्या निर्णयाचा आज मला फायदा होतो आहे. या लेखात पुढे मी जे लिहिणार आहे ते नितीनच्या कानावर जाता कामा नये. त्याला देवनागरी वाचता येते. पण मराठी मजकूर दिसला की तो पान उलटतो. मराठीत छापलेली गोष्ट सुरतेत जितकी गुप्त राहते तितकी तिजोरीतही राहत नाही. सुमनवहिनी मात्र वाचतील. त्यांचं पुढे येतंच आहे.

आपला रस्ता लोकांना मी कौतुकाने सांगतो, तेव्हा त्यात तू नसतोस. असलास तर चित्र बिघडतं. बारडोलीच्या अलीकडे उसाच्या गाड्या आणि कारखान्याच्या मळीचा तो आंबूस वास. पुढे उनाईचे गरम पाण्याचे झरे, वांसद्याच्या संस्थानी कमानी, वघईपासून सागाचं जंगल, मग घाट. घाटमाथ्यावर गुजरात संपतो. समोर हातगडचा किल्ला, पायथ्याचं जुनं गाव, आणि तिथून उतरत गेलं की वणी-दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागाच बागा, डोंगराच्या पायाशी हिरव्या छपरांसारख्या पसरलेल्या. आपल्या ग्रुपमधल्या मंडळींचं निसर्गप्रेम नेमकं राज्याची हद्द ओलांडल्यावर उफाळून यायचं. दारूबंदीच्या राज्यातून आलेला माणूस द्राक्षाच्या वेलीकडे ज्या भक्तिभावाने बघतो, तसं देवळात बघताना मी कोणाला पाहिलं नाही. तू त्यातही नव्हतास. तू वाईन एकदाच चाखलीस आणि म्हणालास, "रंग चांगला बसलाय. बाकी औषध आहे."

हातगडच्या पायथ्याशी आपलं दुसरं ठरलेलं भांडण. सुरतेहून परतणारी मराठ्यांची फौज याच घाटाने वर गेली असा तुझा दावा. मी म्हणायचो, वणी-दिंडोरीची लढाई खरी, पण फौज याच वाटेने चढली याला पुरावा काय? "पुरावा कशाला," तू म्हणायचास, "रस्ता बघ ना. दुसरीकडून कोण शहाणा जाईल?" सुरतेत मराठी माणसाला आयुष्यभर एकच विनोद ऐकावा लागतो, लुटायला आलात का म्हणून. मिलच्या शेठनेही तुला तो पहिल्याच दिवशी ऐकवला होता. तू सांगायचास, "मी त्याला म्हटलं, शेठ, ते आले, घेतलं आणि गेले. आम्ही आलो आणि राहिलो. बघा, कोण लुटला गेला." हे तू शेठला खरोखर म्हणालास याला मात्र कसलाही पुरावा नाही.

आता तुझ्या आजाराबद्दल.

दिवाळीनंतर तुझे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी तुला सांगितलं, कावीळ. मला नितीनने तुमच्या सोसायटीखालच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात नेऊन सांगितलं. "काका, पोटात गाठ छे. मोठी. डॉक्टर बोलले, आता ऑपरेशनचा काही मतलब नाय. नळी टाकली, म्हणजे पिवळेपणा उतरेल, थोडा टाईम बरं वाटेल. मग…" त्याने लिंबू सोड्याची बाटली टेबलावर गोल फिरवली. "पप्पाला काही बोलायचं नाय हां काका. मम्मीने, मी, सगळ्यांनी डिसाईड केलंय. पप्पाला कळलं तर ते आजच मरतील. तुम्हाला माझ्या सम, माझी शपथ."

आपल्याकडे हा एक विलक्षण न्याय आहे. फाशीची शिक्षा सगळ्या गावाला वाचून दाखवायची. फक्त ज्याला झाली त्याला सांगायची नाही. मी 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोरगं रडत होतं आणि गुजरातीत रडत होतं. तिथे माझी मास्तरकी चालत नव्हती.

आणि तू! आयुष्यभर रंगाच्या छटा जुळवणारा माणूस. तुझ्या घरातली चार माणसं तुला समोर बसवून सांगत होती की डोळे तसे काही फार पिवळे नाहीत. तू आरशात बघून मला म्हणालास, "मास्तर, यांना लेमन आणि मस्टर्ड यातला फरक कळत नाही." पण तुला वाटलं, कावीळच आहे, जरा गडद आहे. आजार ही कमी मेहनत करणाऱ्या लोकांची खोड आहे असं तुझं आयुष्यभराचं मत. ते मत त्या महिन्यात घरच्यांच्या फार कामी आलं.

नळीने पिवळेपणा उतरला. डिसेंबर आला आणि तू सापुताऱ्याची भाषा सुरू केलीस. मी नितीनकडे बघितलं. नितीन म्हणाला, डॉक्टरने परवानगी दिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर बोलले, जे करायचं ते करू द्या." हे वाक्य ज्या दिवशी डॉक्टर बोलतात त्या दिवशी माणसाने खरं तर घाबरून बिछान्यात शिरावं. तू परवानगी मिळाली एवढंच ऐकून चेनला तेल घातलंस.

सुरतेपासून सायकलने जाणं शक्यच नव्हतं. म्हणून मी खोटं बोललो की बारडोलीपुढे रस्त्याचं काम निघालंय, सगळं खोदून ठेवलंय, वघईपर्यंत सायकली जीपमध्ये टाकू. तू कुरकुरलास पण बसलास. खिडकीतून रस्ता बघत होतास. रस्ता काचेसारखा होता. नवं डांबर, मधोमध ताजे पांढरे पट्टे. मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा गुजरात सरकारच्या बांधकाम खात्याला शिव्या घातल्या. तू एक शब्द बोलला नाहीस. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. खोटं पकडलं आणि टोमणा मारला नाही, असं तुझ्याकडून कधी झालं होतं?

वघईहून निघालो. मी मुद्दाम हळू चालवत होतो. पण हळू चालवण्यालाही एक मर्यादा असते, त्याच्या खाली सायकल पडते. घाट सुरू झाला आणि शामगहाननंतरच्या चढावर मी पुढे गेलो. ठरवून नाही. मागे बघितलं तर तू नव्हतास. इतक्या वर्षांत माझ्या समोर तुझी पाठ नाही असा तो रस्ता मी पहिल्यांदाच बघितला. चांगला आहे. दरी दिसते.

वर पोचलो. कठडा रिकामा. मी बसलो. पाय लांब केले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तेव्हा लक्षात आलं की मी तुझी नक्कल करतो आहे. आणि मग मी ती चूक केली. ती आपल्या रिवाजात वाढलेला माणूसच करू शकतो आणि तिचा अर्थही आपल्याच रिवाजातला माणूस लावू शकतो. टपरीवाल्याला म्हणालो, "दोन चहा. पण आत्ता नको, ते वळणावर दिसले की टाक."

तू आलास. सायकलवरून उतरून, हाताने ढकलत. ओठ राखेसारखे झाले होते. टपरीवाल्याने कठड्यावर दोन ग्लास ठेवले. मी म्हणालो, "ये, बस जरा. काही घाई नाही."

तू बसला नाहीस. आधी ग्लासांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. चिडलास की तू आमची मराठी सोडून घरच्या अहिराणीत शिरायचास, पण त्या वेळी आवाज चढला नाही.

"दोन कसाले?"

"तुझा एक, माझा एक."

"माले काय व्हयनं शे?"

मला काय झालंय, हेच विचारत होतास. मी दरीकडे बघायला लागलो. इतिहासाच्या मास्तराने आयुष्यभर पोरांना विचारलेला प्रश्न, कारणे द्या, आता मलाच आला होता.

"मास्तर, तू माझ्यासाठी चहा थांबवून ठेवलास," तू म्हणालास. "म्हणजे मी मरतोय."

डॉक्टरांनी, नितीनने, वहिनींनी इतके आठवडे दातओठ खाऊन सांभाळलेली गोष्ट मी एका चहाने सांगून टाकली. आपल्या दोघांत दया कधी चालत नव्हती. म्हणून ती आल्याबरोबर ओळखू आली. मी जर तेव्हा मिशी पुसून "चला" म्हणालो असतो तर तू मला आईवरून शिव्या घातल्या असत्यास आणि पुढचे दोन महिने सुखाने फसलेला राहिला असतास.

तू ग्लास उचललास, कठड्यापलीकडे दरीत ओतलास, जागेवर ठेवलास.

"चाल," म्हणालास.

आणि मी माझाही चहा तसाच टाकून उठलो. सवय.

उतारावर तू पेडल मारत नव्हतास, तरी पुढे होतास. हातगडपाशी थांबलास. किल्ल्याकडे बघत म्हणालास, "घरी कळू द्यायचं नाही मला कळलंय ते. पोरगं मन लावून खोटं बोलतंय. मध्ये तोडलं तर डाग पडेल." मग किल्ल्याकडे पाठ करून, "नाटक चांगलं करतो रे. माझ्यावर गेलाय." त्यानंतर तू मला पहिल्यांदा आणि शेवटचं शपथेत बांधलंस. म्हणजे आता माझ्या गळ्यात दोन शपथा. मुलाची, की बापाला कळू देणार नाही. आणि बापाची, की बापाला कळलंय हे मुलाला कळू देणार नाही. खोटं एकच, पण दोन्ही बाजूंनी मलाच इस्त्री करायची.

वणीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका बागेत तू शिरलास. मालक वेलींखाली वाकून काहीतरी बघत होता. तू न विचारता एक मणी तोडून तोंडात टाकलास आणि तोंड असं केलंस की तो माणूस हसला.

"अजून पाणी उतरलं नाही बाबा मण्यात. दगड आहेत. फेब्रुवारीअखेर या, साखर भरली की."

"येतो," तू म्हणालास.

"नक्की या. दोघं पण या."

"येतो म्हटलं ना."

मी चाकातली हवा तपासत बसलो. चाकात हवा भरपूर होती.

त्यानंतर तू जे केलंस त्याला मी अभिनय म्हणणार नाही. अभिनय नंतर सुटतो. नितीन म्हणायचा, "पप्पा, उन्हाळ्यात मनाली जाऊया." तू विचारायचास, "हॉटेलात गरम पाणी आहे ना, बघून घे." तो बाहेर जाऊन रडायचा, तू आत भिंतीकडे तोंड करून पडायचास आणि मी मधल्या खोलीत पेपर वाचायचो. मग एका सकाळी संपलंच. बेसण्याच्या दारात नितीन प्रत्येकाला तेच सांगत होता, "पप्पाला छेल्ले सुधी खबर नहीं पडी." शेवटपर्यंत कळलं नाही म्हणून लोक म्हणत होते, भाग्यवान. मीही म्हणालो, भाग्यवान.

आता तुला न आवडणारी बातमी. तुझं नाटक पडलं, यशवंता. निम्म्या प्रेक्षागृहाने ओळखलं होतं.

बेसण्यानंतर काही दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो. नितीन ऑफिसला गेला होता. वहिनी गिलक्याची भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना माहीत होतं ना?"

मी म्हणालो, "तसा काही पुरावा नाही."

"पुरावा तुमच्या शाळेत. मी तिथं शिकले नाही." विळी बाजूला सारली. "सापुताऱ्याहून आले त्या दिवसापासून या माणसानं माझ्या भाजीला नाव ठेवलं नाही. मीठ जास्त पडलं तरी म्हणायचे, छान झालीय. एकदा मी मुद्दाम तिखट ओतलं. डोळ्यातनं पाणी काढत खाल्लं, आणि वर काय? सुमन, तुझ्या हाताला चव आहे. तीस वर्षांत माझ्या हाताला चव नव्हती, ती एकदम कुठून आली?"

मी खाली सांडलेल्या गिलक्याच्या फोडी ताटात टाकल्या.

"मला त्याच दिवशी कळलं. माझं लग्न ज्याच्याशी झालं तो माणूस घाटातच राहिला. परत आला तो कुणी पाहुणा होता. आभार मानायचा, ताट उचलायचा." त्यांचा आवाज चढला. मला बरं वाटलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मोठ्याने बोलत होतं. "मला भांडायचं होतं हो! तुम्ही असे कसे चाललात, मला न विचारता, असं उभं राहून विचारायचं होतं. त्या बापलेकांनी आणि तुम्ही, सगळ्यांनी मिळून माझं शेवटचं भांडण खाल्लंत."

मग मी शपथ मोडली. कठड्याचं सगळं सांगितलं. दोन ग्लास, तू काय विचारलंस, चहा कुठे ओतलास. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच सांगितलंत."

"मी काहीच बोललो नाही वहिनी."

"त्यांच्याशी कधी बरं वागला नव्हतात ना. मग कळणारच." आणि त्या हसल्या, यशवंता. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत हसल्या आणि ते हसू कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. मग डोळे पुसून पुन्हा विळी ओढली. "नितीनला बोलू नका. त्याला वाटू दे, त्यानं बापाला वाचवलं."

तर तुझ्या घरात आता ही व्यवस्था आहे. तू गेलास, खोटं आहे तसं चालू आहे. मशीन कोणी थांबवलेलं नाही. भाजी मात्र त्या दिवशी खरंच खारट होती. मी तसं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "हं. आता कसं."

गेल्या रविवारी ग्रुपने तुझ्या नावाने 'मेमोरियल राइड' काढली. नव्या जर्सी, पाठीवर तुझा फोटो. चढावर पुढच्या पंधरावीस जणांच्या पाठीवरून तू माझ्याकडे बघत वर जात होतास. याहून तुला शोभेल असं स्मारक मी तरी सुचवलं नसतं. जिग्नेशभाईंनी वघईला झेंडा दाखवला आणि गाडीत बसले. मी शेवटचा होतो, हे सांगायला नको.

कठड्याशी पोचलो तर सगळे उभे. टाळ्या वाजवल्या त्यांनी. यशवंता, टाळ्या! त्यांतल्या एका मुलीने माझी सायकल धरली. दुसऱ्याने हातात चहाचा ग्लास दिला आणि अगदी मायेने म्हणाला, "बेसो अंकल. आरामसे. कोई जल्दी नहीं."

कोणी काय सांगितलंय यांना? घरून कोणी कोल्ड्रिंकच्या दुकानात नेऊन यांच्याशी बोललंय का? त्या दिवशी तू माझ्या चेहऱ्याकडे जसं बघितलंस तसं मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सगळे हसत होते, छान, प्रेमळ.

मी उभ्यानेच एक घोट घेतला. भिकार चहा. नुसती साखर आणि वेलदोड्याचं सुगंधी पाणी. इतकी वर्षं मला वाटत होतं तू माझ्यापासून काहीतरी हिरावून घेतो आहेस. बाकीचा दरीत ओतला.

"चला," मी म्हणालो.

कोणी हललं नाही. त्यांचे फोटो चालू होते. मी एकटाच निघालो.

वणीच्या अलीकडची ती बाग आता तोडणीला आली आहे. मण्यांत ऊन दिसतं. मालकाने मला ओळखलं, हातावर एक घड ठेवला आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "ते दुसरे बाबा?"

"मागे आहेत," मी म्हणालो.

"मग बसा की. येऊ द्या त्यांना."

मी बांधावर बसलो, पाय लांब केले, टोपी गुडघ्यावर ठेवली. द्राक्षं गोड होती. तू वळणावर दिसलास की मिशी पुसून उठायचं, असं ठरवलं होतं. तुला एक मणीसुद्धा खाऊ दिला नसता.